मला पाणी कधीच कळलं नाही

मी एक जुनी उंबराची बेचकी आहे. मित्रांनो, तुम्ही मला चांगलं ओळखता. मारुतीच्या देवळात, डाव्या हाताच्या कोनाड्यात, चांदीचं कडं चढवून मला उभं केलं आहे. परीक्षेच्या दिवशी तुम्ही धावत येता, मला हात लावता, तोच हात डोळ्यांना लावता आणि शाळेत पळता. परवा एका मुलीने तर मला हळूच विचारलं, "गणितात काय येणार हाय?" अगं बाई, मला काय माहीत! मी लाकूड आहे. आणि सध्या मी अतिशय रागावलेलं लाकूड आहे.

जमिनीच्या पोटातलं पाणी मला दिसतं, असं तीन तालुक्यांत बोललं जातं. माणसाला पाच इंद्रियं असतात आणि मला सहावं आहे म्हणे. मला पहिलंसुद्धा नाही! डोळा नाही, कान नाही, नाक नाही. मला पाणी कधीच कळलं नाही. ज्यांना कळलं, त्यांना या गावाने काय वागणूक दिली, ते आज सांगते. राग आला तर येऊ द्या. मलाही आलेलाच आहे.

वडूजहून आटपाडीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर हे आपलं गाव. तिथल्या नाथाजींनी मला एकोणीसशे अडतीस साली उंबरावरून तोडलं. दोन फांद्या करंगळीएवढ्या जाड, पुढे वीतभर शेपूट. त्यांनी माझी साल सोलली, सावलीत वाळवलं आणि करडईचं तेल पाजलं. मी मोडणारी नाही, वाकणारी आहे हे त्यांनी वाकवून पाहिलं. तेव्हा मला फार बरं वाटलं. निदान एक माणूस तरी आपल्याला नीट पारखून घेतो आहे, असं वाटलं.

नाथाजी पाणाड्या होते. विहीर कुठे खणायची ते सांगणाऱ्या माणसाला पाणाड्या म्हणतात. लोणंदपासून आटपाडीपर्यंत त्यांना बोलावणं येई. परगावी गेलं की पहिले दोन दिवस मी पिशवीतच पडून असे. नाथाजी मात्र अनवाणी हिंडत. भर चैत्रात हरळी कुठे हिरवी राहिली आहे, वारूळ कुठे उठलं आहे, दुपारच्या उन्हात कुत्रं कुठली माती उकरून तिच्यावर पोट टेकतं, संध्याकाळी चिलटांचा थवा कुठल्या जागेवर घोंघावतो, हे सगळं ते बघत. ढेकूळ फोडून हुंगत. चिमूटभर माती जिभेवर ठेवत. जमिनीवर पहार आपटून तिचा आवाज ऐकत. गावातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून विचारत, "आक्का, तुमच्या ल्हानपणी वढा कुठनं व्हायचा?"

तिसऱ्या दिवशी त्यांचं मन ठरे. मग मला बाहेर काढत. माझ्या दोन फांद्या दोन मुठींत धरून बाहेरच्या बाजूला ताणत, शेपूट पुढे करून सगळ्या गावासमोर चालू लागत. ठरवलेली जागा आली की मनगट ज्वारीच्या दाण्याएवढं वळवत. ताणलेलं लाकूड तेवढ्याने झपकन खाली वाकतं. लोक ओरडत, "आलं! आलं! पाणी आलं!" पाच-सहा जण मला नमस्कार करत. नाथाजींच्या पायाला चटके बसलेले असत, तिकडे कुणी बघतसुद्धा नसे.

म्हणून माझा पहिला राग नाथाजींवर आहे. हो, त्यांच्यावरच. एवढा जाणता माणूस, पण त्यांनी श्रेय माझ्या पदरात टाकलं. त्यांची सून बनुबाई हिने एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं, "मामंजी, तुमाला सगळं आदीच ठावं असतंय. मग ह्ये लाकूड कशापायी नाचवता?"

नाथाजी हसले. "पोरी, मी नुसतं सांगितलं तर कोन खणंल? लोकांचा मानसापरीस लाकडावर इस्वास लवकर बसतोय."

"आन् उद्या लाकूड दुसऱ्याच्या हातात गेलं तर?"

नाथाजींनी मला पिशवीत घातलं आणि ते पुढे चालू लागले. तिथेच ते चुकले.

बनुबाई त्यांच्याबरोबर हिंडू लागली, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिचा नवरा कृष्णात लहान पोरं मागे ठेवून लढाईवर गेला होता. सासऱ्याचे डोळे म्हणून ती जाऊ लागली आणि हळूहळू तिचे स्वतःचे डोळे तयार झाले. डोळेच काय, पायही. एखाद्या ठिकाणी ती चालता चालता थांबे. का थांबली ते तिलाही लगेच सांगता येत नसे. मग खाली बसे, माती चिवडे आणि म्हणे, "हितं तळवा गार लागतोय." नाथाजी म्हणत, "कळतंय आदी, कसं कळलं त्ये मागनं येतंय. लोक त्येला सहावं इंद्रिय म्हनत्यात. आरं, देवानं पाच दिल्यात, त्येंची तर गावानं अजून घडीबी मोडली न्हाई!"

नाथाजी चव्वेचाळीस साली वारले. बनुबाईने मला फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचून ठेवलं. तिला मी लागत नव्हते. आणि तिला जागा विचारायला कुणी येतही नव्हतं. बाईमाणसाला पाणी कसं कळणार?

सेहेचाळीस साली कृष्णात लढाईवरून परत आला. पलटणीत तो सुरुंग लावायच्या तुकडीत होता. लोणंदला गाडीतून उतरून चालत आला. धड दोन हात, धड दोन पाय. बनुबाईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आढ्यावरून पाहिलं... पाहिलं कसलं, घरात झालेला आनंद लाकडालाही जाणवतो, एवढंच म्हणते.

पुढचा उन्हाळा वाईट गेला. गावची जुनी विहीर फाल्गुनातच आटली. बायका दोन कोस चालून नदीच्या वाळूत झिरे खणू लागल्या. एक घागर भरायला अर्धा पहर लागे. गावाने नवी विहीर खणायचं ठरवलं. हे चांगलंच झालं. पण कुठे खणायची हे ठरवायला त्यांनी कोणाला गाठलं, ठाऊक आहे? लालासाहेबांना!

लालासाहेब गावातले मोठे बागाईतदार. खाली त्यांचा ऊस होता आणि वर त्यांचाच माळ. पण त्यांना विचारलं ते जमिनीमुळे नव्हे. ते पायाळू होते. आईच्या पोटातून बाळ डोक्याकडून न येता पायांकडून आलं, तर त्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, पाणी दिसतं, अशी समजूत. लहानपणी आभाळ गडगडलं की लालासाहेबांना घरात कोंडून ठेवत, कारण वीज पायाळूवरच पडते म्हणे. मोठेपणी ज्याच्या कमरेत उसण भरेल तो येऊन त्यांच्यापुढे पाठ करून उभा राही आणि लालासाहेब त्याला लाथ मारत. पायाळूची लाथ बसली की उसण जाते! लाथ खाऊन लोक वर नारळही देत. ज्या माणसाने जन्मभर लाथा मारून नारळ घेतले, त्याला आपल्यात काहीतरी आहे असं वाटलं नाही तरच नवल.

आता पायाळू मिळाला, पण बेचकी हवी. चार माणसं बनुबाईच्या दारात आली आणि मला मागितलं.

बनुबाई पदर सावरून म्हणाली, "बेचकी न्या. पर बेचकीला काय कळत न्हाई. मामंजी जागा हुडकत हुते, ही न्हवं."

त्यातला एक जण हसला. "वैनी, तुमी सैपाकाचं बगा."

कृष्णात तिथेच उभा होता. त्याने मला आढ्यावरून काढून त्यांच्या हातात दिलं. पलटणीतून नुकता आलेला, गावात मान मिळवायची होती. बायकोची बाजू घेतली तर उद्या पारावर काय ऐकायला मिळेल, हे त्याला ठाऊक होतं.

लालासाहेबांनी मला हळदकुंकू लावलं आणि मुठीत धरलं. मित्रांनो, हात काय बोलतो ते हातातल्या वस्तूला कळतं. त्यांचे तळवे घामाने ओले होते. ते लबाड नव्हते. लबाड असते तर बरं झालं असतं, लबाडाला निदान आपण काय करतो ते माहीत असतं. ते माळावर चालू लागले, ऊस जिथून खाली दिसतो त्या उंचवट्याजवळ आले आणि त्यांचं मन म्हणालं, इथे विहीर झाली तर उरलेलं पाणी आपोआप पाटाने उसात उतरेल. मन म्हणालं आणि अंगठे वळले. त्यांना पत्ताही नाही. मी झपकन खाली वाकले.

"आलं! आलं!"

लालासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खरंच वाटलं, की आपल्याला दिसलं. मला त्या क्षणी कडकन मोडायचं होतं. पण नाथाजींनी मला न मोडणारी करून ठेवली होती.

तेवढ्यात मागून बनुबाई म्हणाली, "हितं पानी न्हाई. खाली सलग कातळ हाय. आन् वरची माती भराव हाय. पूर्वी हितं खाण हुती, ती बुजवलीया. पाय आपटून बगा, पोकळ वाजतंय. ढासळंल ही."

सगळे पुरुष तिच्याकडे वळले. सुनेने चारचौघांत एवढं बोलणं गावाला नवीन होतं.

"मग पानी कुठं हाय म्हनता?" एकाने विचारलं.

"खाली, रहिमानभाऊंच्या पट्टीत. वड्याच्या वळनाला."

रहिमान पिंजारी होता. गाद्यांचा कापूस पिंजायचा. त्याची दोन हातांनी झाकावी एवढी जमीन. गावची विहीर पिंजाऱ्याच्या पट्टीत! सगळे हसले. लालासाहेब शांतपणे म्हणाले, "तू पायाळू हाईस का गं?"

"न्हाई. मी डोक्याकडनंच आलीया."

हे उत्तर तिने दिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. मला सहावं इंद्रिय नाही, हे मी पुन्हा सांगते.

घरटी एक माणूस द्यायचा असं ठरलं. कृष्णातचं नाव पहिलं लागलं, कारण सुरुंग त्यालाच लावता येत होता. बनुबाईने त्याला सांगून पाहिलं. "आवं, नका उतरू त्यात."

"मग काय सांगू गावाला? बायको नको म्हनती म्हून?"

"व्हय. तसंच सांगा."

पारावर आधीच कुणीतरी त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हटलं होतं. तो उतरला.

मला विहिरीच्या तोंडाशी मातीच्या ढिगात रोवलं. गळ्यात झेंडूची माळ, समोर लिंबू. राखण म्हणे! महिनाभर मी तिथे उन्हात उभी होते. विहिरीची खोली पुरुषांत मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. पहिले दोन पुरुष माती आणि मुरूम. तिसऱ्याला कातळ लागला, काळाकुट्ट आणि कोरडा. कृष्णातने सुरुंग लावले. प्रत्येक बाराला वरची माती हादरे. चार पुरुष झाले. पाणी तर सोडाच, ओलसुद्धा नाही. लालासाहेब झाडाखाली बाजेवर बसून म्हणत, "अजून खाली हाय. मला दिसतंय."

वैशाखातली ती दुपार. बनुबाई भाकरी घेऊन आली. ती रोज यायची, टोपली खाली ठेवायची आणि पाण्याने भरलेला तांब्या काठावरच्या एका चपट्या दगडावर ठेवायची. त्या दिवशीही तिने तसंच केलं. आणि ती थांबली.

तिने तांब्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्याच दगडावर तांब्या सरळ बसला होता. आज पाणी विहिरीच्या बाजूने काठोकाठ आणि मागच्या बाजूने बोटभर खाली होतं. दगड कलला होता. दगड कलला म्हणजे त्याखालची जमीन कलली होती. ती मागे वळून जमीन बघू लागली. काठापासून सहा पावलांवर तिला भेग दिसली. सुतळीएवढी बारीक, पण चांगली वीस हात लांब.

ती काठावर येऊन ओरडली, "वर या! समदी वर या!"

खाली चौघं होते. कृष्णात, म्हातारा जोतिबा आणि दोन तरणी मुलं. घाव थांबले. वर उभ्या असलेल्यांपैकी एक जण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "का वैनी, बेचकी काय सांगती?" सगळे खो खो हसले. लालासाहेब बाजेवरूनच म्हणाले, "पायाळूची जागा हाय. काय व्हत न्हाई."

मित्रांनो, मी तिथे उभी होते. गळ्यात माळ, समोर लिंबू. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी एकेकाचं नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या.

बनुबाईने वाद घातला नाही. तिने तांब्या उचलला, भेगेपाशी गेली आणि सगळं पाणी भेगेत ओतलं. उन्हाळ्यात घागरभर पाण्याला दोन कोस चालणारी बाई ती. पाणी गटगट आत गेलं. मग ती काठावर येऊन नवऱ्याला म्हणाली, "आता तुमच्या डोक्यावरची कड बगा."

कृष्णातने वर पाहिलं. कोरड्या मुरमाच्या कडेवर, पुरुषभर खाली, एक काळा ओला ओघळ उतरत होता. वरच्या भेगेतलं पाणी थेट कडेतून बाहेर पडलं होतं. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने लढाईत ढासळणारे बांध पाहिले होते. "जोतिबाकाका, दोर धरा! पोरांनो, चला वर!" तो ओरडला. आधी म्हातारा, मग मुलं. शेवटी तो स्वतः. आपली माणसं काढल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही त्याची पलटणीतली सवय. तो दोराने अर्ध्यावर आला होता तेव्हा कड सुटली.

आवाज फार मोठा झाला नाही. पोतं ओतल्यासारखा झाला. धुरळा बसला तेव्हा कृष्णात दोराला लटकत होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दगडांत गेला होता. बनुबाई स्वतः दोराने खाली उतरली. दोन तास सगळे दगड काढत होते. बैलगाडीत घालून त्याला वडूजला नेलं आणि तिथून पुढे साताऱ्याला. तिथे पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पाच वर्षं लढाईत राहून धड आलेला माणूस, आपल्या गावच्या विहिरीत अधू झाला.

आता गाव शहाणं होईल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! चावडीवर बैठक बसली आणि निकाल लागला. तिघं वाचले ते बेचकीच्या पुण्याईने. आणि कृष्णातचा पाय गेला तो बनुबाईमुळे, कारण बेचकी तीन वर्षं तिच्या घरात होती, बाईचा हात लागला, विटाळ झाला आणि बेचकीचं सत्त्व कमी झालं! दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने, एकाच दमात बोलल्या गेल्या आणि एकानेही डोकं खाजवलं नाही. ज्या बाईने चार जीव वर काढले, तीच दोषी. ज्या लाकडाने काडीही हलवली नाही, ते देव!

पुढे असंही ठरलं, की मला दूध-पाण्याने शुद्ध करायचं आणि लालासाहेबांनी दुसरी जागा दाखवायची. सोमवारी सकाळी मारुतीपुढे सगळा गाव जमला. लालासाहेबांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटतं त्यांनाही मनातून नको होतं. पण एकदा लोकांनी देव केलं की उतरता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तेवढ्यात गर्दीतून बनुबाई पुढे आली. तिने पुजाऱ्याच्या ताटातून मला उचललं. कुणी अडवायच्या आत माझ्या दोन्ही फांद्या ताणून ती देवळाच्या पायरीवर उभी राहिली.

"कुठं पायजे पानी तुमाला? बोला. हितं?" तिने मनगट वळवलं आणि मी पायरीच्या दगडावर वाकले.

"का हितं?" ती पाराकडे गेली. मी पारावर वाकले.

"का ह्यांच्या पोटात?" ती लालासाहेबांसमोर उभी राहिली आणि मी त्यांच्या पोटाकडे वाकले. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग तिचा आवाज चढला. "माज्या मनात यील तितं ही वाकती. माजं मनगट वाकवतंय तिला. ह्येंचंबी मनगटच वाकवत हुतं, ह्येंला ठावं नसंल. माज्या नवऱ्याचा पाय गेला ह्या एका मनगटापायी. आता दुसऱ्या खड्ड्यात कुणाला उतरवता? ज्येला उतरवायचा त्येच्या बायकोला आदी हितं उभी करा!"

माझ्या आयुष्यात मी खऱ्या अर्थाने कामाला आले ती तेवढी घटकाभर. मला वाटलं, सुटले! आता सगळ्यांना कळलं. पण मित्रांनो, एक म्हातारी हात जोडून पुढे आली. "आगं माय, तुज्या हातात तर सगळीकडंच वाकती! अंगात आलं गं हिच्या!" आणि चार-पाच जणी बनुबाईच्या पाया पडू लागल्या. बाकीचे पुटपुटू लागले, भानामती आहे, भानामती. खरं सांगणारी बाई त्यांना देवी चालत होती, चेटकीण चालत होती. फक्त शहाणी चालत नव्हती.

बनुबाईने मला तिथेच धुळीत फेकलं आणि ती घरी निघाली. तिने मला चुलीत घातलं असतं तर फार बरं झालं असतं.

एका माणसाला मात्र कळलं. रहिमान पिंजारी माझ्याजवळ आला, मला उचलून ताणलं, सोडलं आणि स्वतःशीच म्हणाला, "ह्ये तर माज्या धनुकलीवानी हाय. ताण दिला की वळवंल तितं जातंय." जन्मभर कापूस पिंजायची धनुकली वापरलेला माणूस. ताणलेलं लाकूड काय करतं ते त्याच्या हाताला माहीत होतं. मला ताटात परत ठेवून तो बनुबाईच्या मागे गेला. देवळासमोरच्या रस्त्यावर तो तिला म्हणाला, "भाबी, पट्टी माजी हाय. खणायला कुणाच्या बापाची परवानगी नको. कुठं ती दाकवा."

रहिमान, त्याची बायको अख्तरबी, बनुबाई आणि म्हातारा जोतिबा. वर आलेली ती दोन मुलंही दुसऱ्या दिवसापासून येऊ लागली. कृष्णात साताऱ्याहून परत आला तेव्हा काठावर बसून तो कडा बघायचा. रोज सकाळी दगडावर तांब्या ठेवायचा आणि तो सरळ असला तरच बाकीच्यांना खाली उतरू द्यायचा. आषाढ लागायच्या आत, साडेतीन पुरुषांवर, मांजऱ्या म्हणजे ठिसूळ, सच्छिद्र दगडाच्या फटीतून पाणी आलं. गोड पाणी. पुढच्या उन्हाळ्यातही आटलं नाही. हे सगळं देवळात येणाऱ्यांच्या तोंडून मी ऐकलं, कारण तोपर्यंत मला कोनाड्यात बसवलं होतं. दुसरी जागा दाखवायला लालासाहेबांनी मला पुन्हा हातात घेतलंच नाही.

पाणी लागल्याबरोबर सगळा गाव रहिमानच्या पट्टीत धावला. मलाही पालखीत घालून नेलं. हो, मला! विहिरीवर माझी पूजा झाली. लालासाहेबांनी विहीर चिऱ्यांनी बांधून दिली, ते त्यांनी चांगलं केलं, मी नाही म्हणत नाही. पण वरच्या चिऱ्यावर त्यांनी अक्षरं कोरून घेतली. 'श्री मारुतीच्या कृपेने व पायाळूच्या दिव्यदृष्टीने उंबराच्या बेचकीने दाखविलेले पाणी.' तुम्ही तिथे घागर टेकता ना, तोच दगड. त्यावर बनुबाई नाही. रहिमान नाही. कृष्णातचा पायही नाही.

कुबडी टेकत कृष्णातने ती अक्षरं वाचली. त्याला पलटणीत वाचायला शिकवलं होतं. त्याने बायकोला विचारलं, "खोडू का?"

बनुबाई घागर भरत होती. ती म्हणाली, "आवं, आदी घागर डोईवर द्या. पोरं तानेली हायती."

ती पाण्याला आली होती. मला मात्र अजून ते सहन होत नाही. रोज संध्याकाळी ती याच देवळावरून पाणी घेऊन जाते. आत येत नाही, माझ्याकडे बघत नाही. आणि इथे लोक मला विचारतात, पाऊस कधी येईल, पोरगा पास होईल का, हरवलेली म्हैस कुठे आहे. अरे, बाहेरून चाललेल्या त्या बाईला विचारा ना! म्हैस कुठल्या वाटेने गेली ते तिने खुरांवरून सांगितलं असतं.

मित्रांनो, माझ्यावर एवढी दया करा. माझं चांदीचं कडं काढा आणि मला जळणात टाका. ते जमत नसेल तर परीक्षेला जाताना मला हात लावू नका, पुस्तकाला लावा. तुमचे डोळे, कान, नाक, जीभ आणि पायाचे तळवे, ही पाच जपा, वापरा, झिजवा. सहाव्याची चौकशी नंतर करा. आणि कधी एखाद्या खड्ड्याच्या काठावरून कुणी बाई ओरडून म्हणाली, "वर या," तर ती पायाळू आहे का, तिला कुणी विचारलं होतं का, तिच्या हातात बेचकी आहे का, हे बघत बसू नका. आधी वर या.